‘आपल्यातली’ आणि ‘त्यांच्यातली’ : मालिकांच्या संवादांतला भेदभाव कसा तपासायचा

प्रश्न : साताऱ्यात एम. ए. (मराठी) करते आहे. टीव्ही मालिकांत अल्पसंख्याकांविषयीचा भेदभाव भाषेतून कसा दिसतो, हा प्रकल्पाचा विषय. ग्रामीण पार्श्वभूमीच्या एका मालिकेचे ३० भाग पाहिले. जातिवाचक शिव्या आणि धर्मावरून हिणवणारे शब्द यांची यादी करून शोधलं, एकही सापडला नाही. ‘भेदभाव आढळला नाही’ असा निष्कर्ष लिहू का? आणि परिशिष्टात असले शब्द छापले तर चालतात का?

उत्तर :

इतक्यात लिहू नका. तुम्ही जे शोधलंत ते सापडणारच नव्हतं. संहिता वाहिनीकडं गेली की ‘एस अँड पी’वाले (स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस, म्हणजे वाहिनीचा आशय तपासणारा विभाग) सगळ्यात आधी हेच शब्द काढतात. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला नियम ६ धर्म किंवा समाजगटांवर हल्ला करणारे, त्यांचा अवमान करणारे शब्द आणि दृश्यं दाखवायला मनाई करतो. जातिवाचक शिवीसाठी १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहेच. त्यामुळं उघडा शब्द लेखक, वाहिनी, दिग्दर्शक, संकलक अशा चार हातांतून जाताना कुठंतरी गळतो. गळत नाही ते व्याकरण. कोणाला ‘अहो’ आणि कोणाला ‘अरे’, कोणाच्या क्रियापदाला आदरार्थी बहुवचन, कोण ‘आपण’मध्ये आणि कोण ‘आम्ही’च्या बाहेर, कोणाची बोली ऐकून प्रेक्षकानं हसायचं हे आधीच ठरलेलं. ही कामं कुठलाही आक्षेपार्ह शब्द न वापरता होतात, म्हणून शब्दांच्या यादीला ती दिसत नाहीत.

आधी ‘अल्पसंख्याक’ म्हणजे कोण ते प्रकल्पात ठरवून टाका. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायदा १९९२ चा. त्याखाली मुस्लीम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन असे सहा धर्मगट येतात. पण तुमच्या विषयाला एवढं पुरणार नाही. विमुक्त-भटके, तृतीयपंथी, दिव्यांग, सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातले कन्नड बोलणारे, परराज्यातून आलेले कामगार हेही संवादांत त्याच साच्यातून जातात. सगळं घ्याल तर पसरट होईल. दोन गट निवडा आणि तेच का निवडले ते एका परिच्छेदात सांगा.

मग उतरवून घेण्याचं काम. तीस भाग नुसते पाहण्यापेक्षा दहा भाग शब्दशः उतरवलेले बरे. लागोपाठचे पाच, आणि दोन-तीन महिन्यांनंतरचे लागोपाठचे पाच, कारण टीआरपी बघून पात्रांची भाषा मधल्या काळात बदलते. जाहिराती वगळता साधारण २२ मिनिटांचा एक भाग नीट उतरवायला तीन ते चार तास लागतात. इथं बहुतेक जण एक चूक करतात : उतरवताना नकळत शुद्ध करतात. ‘त्येला काय हुतंय’ कानावर येतं आणि हात ‘त्याला काय होतंय’ लिहून मोकळा होतो. पुरावा तिथंच गेला. ‘पानी’ म्हटलं असेल तर ‘पानी’च लिहा, ‘पाणी’ म्हटलं असेल तर ‘पाणी’. एकाच गावच्या दृश्यात आबासाहेब ‘पाणी’ म्हणतात आणि वस्तीवरचा गडी ‘पानी’, असं दिसलं तर थांबा. साताऱ्या-सांगलीकडच्या गावांत ‘न’ आणि ‘ण’ची सरमिसळ एकाच घरात आजीच्या आणि नातीच्या तोंडी दोन प्रकारे ऐकू येते. मालिकेत ती अचूक हुद्द्याप्रमाणं वाटलेली असेल, तर ती संवादलेखकाची वाटणी आहे.

तक्त्यात सात रकाने पुरतात : दृश्य क्रमांक, बोलणारा, ऐकणारा, ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो, संबोधन आणि क्रियापदाचं रूप, बोली, आणि शेवटचा ‘पुढं काय झालं’. या शेवटच्या रकान्याकडं मी परत येतो.

संबोधनाबद्दल आधी एक सावधगिरी. आपल्याकडं ‘तू’ म्हणजे अपमान असं सरसकट धरता येत नाही. आईला तू, आजीला तू, विठोबाला तू. जिगरी मित्र एकमेकांना ‘पप्या’, ‘सत्या’ म्हणतात, त्यात तुच्छता नसते. म्हणून ‘तू’ मोजू नका, समोरून परत ‘तू’ येतो का ते बघा. पाटलाचा बारा वर्षांचा पोरगा साठीच्या माणसाला ‘ए किसन्या’ म्हणतो आणि किसनराव त्याला ‘जी धाकलं मालक’ म्हणतात, इथं भेदभाव आहे, कारण रस्ता एकाच बाजूनं आहे. दोघं एकमेकांना ‘किसन्या’, ‘बाळ्या’ म्हणत असते तर तीच रूपं दोस्तीची झाली असती. प्रत्येक जोडीसाठी दोन्ही बाजूंची संबोधनं समोरासमोर लिहून काढा. तासाभराचं काम आहे आणि प्रकल्पातला सगळ्यात भक्कम तक्ता त्यातूनच मिळेल.

संहिता हाती आली तर (निर्मितीसंस्था कधीकधी अभ्यासाला देतात) कंसातल्या सूचनाही वाचा. ‘आबासाहेब येतात’ आणि त्याच पानावर ‘मुलाणी येतो’. दोघंही साठीचे. हे पडद्यावर ऐकू येत नाही. पण नटाला उभं कसं राहायचं ते इथंच कळतं.

आता माझ्या मते मराठीतलं सगळ्यात धारदार साधन. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत : ‘आपण’मध्ये ऐकणारा धरलेला, ‘आम्ही’मध्ये वगळलेला. हिंदीच्या ‘हम’मध्ये ही सोय नाही, म्हणून हिंदी मालिकांवरचे अभ्यास वाचून गेलात तर हे निसटेल. घरात दुसऱ्या जातीची किंवा धर्माची सून आली आहे अशी कल्पना करा. सासू म्हणते, ‘आमच्या घराण्यात असलं चालत नाही.’ शब्दात काहीही आक्षेपार्ह नाही, एस अँड पी हात लावणार नाही. पण हेच वाक्य तिनं थोरल्या सुनेला ‘आपल्या घराण्यात असलं चालत नाही’ असं म्हटलेलं असतं. एक ‘आमच्या’ आणि एक ‘आपल्या’ यांत उंबरठा आला. मालिकेच्या कोणत्या भागात सासू त्या सुनेशी पहिल्यांदा ‘आपलं’ बोलते, आणि त्याआधी सुनेला काय काय करावं लागलं, याची नोंद ठेवा. पाहुण्यांसमोर अपमान गिळला? दागिने सोडवून आणले? आपला सण करायचा सोडून दिला? ‘आपल्या’ची किंमत तिथं लिहिलेली असते.

याच शब्दाचं दुसरं टोक म्हणजे ‘आपल्यातली’. ‘मुलगी आपल्यातलीच आहे ना?’ हा प्रश्न कुठल्याही मालिकेत बिनधास्त येतो आणि जातीचं नाव न घेता जात विचारतो. त्याची भावंडं : ‘त्यांच्यातलं’, ‘तसल्या लोकांत’, ‘खालच्या आळीचा’, ‘पालावरची’, ‘सवलतीवर शिकलेला’. आणि वरून बघणारे शब्द : घराणं, रक्त, संस्कार, पायरी, लायकी. ‘संस्कार’ हा शब्द कोणाच्या बाबतीत ‘आहेत’सोबत येतो आणि कोणाच्या बाबतीत ‘काढले’सोबत, एवढंच मोजलंत तरी एक प्रकरण होईल.

मुस्लीम पात्रांच्या बोलीवर मात्र सविस्तर थांबा, कारण तिथं मालिका आणि आपला परिसर यांतलं अंतर कानाला टोचतं. मालिकेतला गावचा मेकॅनिक बहुधा असा बोलतो (ही ओळ नमुन्यादाखल रचलेली) : ‘अरे भाईजान, हम बोलता है ना, ट्रॅक्टर आज नहीं मिलेगा, अल्ला कसम!’ मिरजेच्या किंवा तासगावच्या एखाद्या गॅरेजात उभे राहा. गिऱ्हाइकाशी ऐकू येईल ते साधारण असं : ‘आवं पाटील, ट्रॅक्टर आज न्हाय व्हायचा. पंप खोलून ठिवलाय. उद्या सकाळी घिऊन जावा की.’ म्हणजे पाटील बोलतात तीच बोली. मग तोच माणूस वळून पोराला सांगतो, ‘पाना ला रे, चौदा का नक्को, सोला काच ला.’ ही दखनी, म्हणजे इकडच्या मुसलमानांची घरची उर्दू. तिच्यातला ‘नक्को’ आणि जोर देणारा ‘च’ हे दोन्ही मराठीतून गेलेले आहेत. दोन बोली, दोन प्रसंग, आणि बोलणारा त्यांच्यामधून सहज ये-जा करतो. मालिकेतल्या माणसाकडं यातली एकही बोली नसते. त्याच्या तोंडी तोडकीमोडकी मुंबईया हिंदी घालतात, जी इथं कुणाच्या घरात नाही. वरून बघता हा ‘रंग भरण्याचा’ प्रकार वाटतो. परिणाम असा की शेकडो वर्षं इथं राहिलेला, बलुतेदारीत मुलाणी म्हणून गावगाड्याचा भाग असलेला माणूस दरवेळी तोंड उघडताच बाहेरून आलेला ठरतो. मिरजेत सतारी घडवणाऱ्या घराण्यांचं आडनावच सतारमेकर आहे; त्यांच्या मराठीत कोणी ‘अल्ला कसम’ घालून दाखवावं.

आडनावही तपासा. आपल्या भागातली मुस्लीम आडनावं मुल्ला, मुजावर, शिकलगार, बागवान, अत्तार, तांबोळी, मणेर, इनामदार. मालिकेत ‘रहीमचाचा’, बस्स. आडनाव नाही, बायको नाही, घर आतून कधी दिसत नाही, आणि मराठी गावात त्याला ‘काका’ न म्हणता ‘चाचा’च म्हणायचं. हा चाचा बहुधा चांगला असतो, नायकासाठी जीवही टाकतो. विद्यार्थी इथं ‘सकारात्मक चित्रण’ अशी टीप करून पुढं जातात. थोडं थांबून त्याच्या ओळी मोजा आणि त्यातल्या किती ओळी त्याच्या स्वतःच्या गरजेविषयी, पैशाविषयी, रागाविषयी आहेत ते बघा. ज्याला फक्त दुसऱ्यासाठी बोलायची परवानगी आहे तो पात्र कमी आणि प्रमाणपत्र जास्त असतो : बघा, आमच्या गावात भेदभाव नाही.

जैनांचं उदाहरण छोटं पण बोलकं आहे. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात शेती करणारे दिगंबर जैन पाटील, मगदूम, चौगुले गावोगाव आहेत, ऊस आणि द्राक्षं पिकवतात. मालिकेत ‘जैन’ म्हटलं की गुजराती हेल काढणारा सावकार शेठ. कन्नडभाषकांचं तसंच. जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत कन्नड ही घरची भाषा आहे. पडद्यावर तिचा उपयोग एवढाच, की पात्रानं मराठीत लिंग चुकवावं, ‘ती आला’ म्हणावं आणि पार्श्वसंगीतात बासरी किंचाळावी. नियम ६ मध्येच भाषिक आणि प्रादेशिक गटांचं उपहासानं, तुच्छतेनं चित्रण करू नये असं वेगळं कलम आहे, (एम) क्रमांकाचं. ते फार कमी जणांना माहीत असतं. प्रकल्पात उद्धृत करायला उपयोगी.

विमुक्त जमातींच्या बाबतीत खुद्द नामच शिवी झालेलं आहे. महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त जाती १४. त्यांत भामटा आणि राजपूत भामटा अशी नावं आहेत. आणि रोजच्या मराठीत, मालिकेत, बातमीत ‘भामटा’ म्हणजे फसवणारा. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मावरून गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ साली गेला, शब्द राहिला. संवादात ‘भामटा’ आला की तो जातिवाचक म्हणून मोजायचा का? माझं मत : वेगळ्या रकान्यात नोंदवा, शिव्यांत मिसळू नका. लेखकाच्या मनात जात नसेल, वापराचा इतिहास मात्र आहे, दोन्ही लिहा. पारधी, वडार, कैकाडी पात्रांच्या तोंडी बहुधा एकच घोटीव ‘आमी गरीब मानसं मायबाप’ बोली असते. प्रत्यक्षात पारध्यांची भाषा गुजरातीला जवळची, वडारांची तेलुगूच्या कुळातली, कैकाड्यांची तमिळला जवळची. तिघांना एक बोली देणं म्हणजे तिघांना एक माणूस समजणं.

याच अंगानं ऊसतोडीचा शब्द बघा. कारखाना-पट्ट्यात टोळी मोजतात ती कोयत्यावर. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. मालिकेत मुकादम म्हणतो, ‘यंदा तीस कोयतं आणल्यात’, तर ते खरंच तसं बोलतात, त्यात लेखकाचा दोष नाही. प्रश्न पुढं आहे : त्या तीस कोयत्यांपैकी एकाला तरी नंतर नाव मिळतं का?

तृतीयपंथी पात्रांसाठी नपुंसकलिंग तपासा. ‘ते आलंय बघ टाळ्या वाजवत.’ माणसाला ‘ते’ म्हटलं की वस्तू केली, असं पुस्तकी उत्तर तयार असतं. पण आपल्या बोलीत लेकीबाळींना, नव्या सुनांना लाडानं नपुंसकलिंगात बोलतात : ‘आमचं सुमी कुटं गेलं?’, ‘लई गुणाचं हाय’. रूप तेच. फरक दोन गोष्टींवरून कळतो : नाव किंवा नातं सोबत आहे का, आणि ते तोंडावर म्हटलं की पाठीमागं. ही टीप प्रकल्पात नसेल तर सातारी परीक्षक तुम्हाला तिथंच पकडतील.

सभ्य शब्दांच्या अदलाबदलीवर फार विसंबू नका. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आला, वाक्य मात्र ‘बिचारी दिव्यांग आहे, तिच्याशी कोण लग्न करणार’ असंच राहिलं. या बाबतीत एक आधार घ्या : जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दृश्यमाध्यमांतल्या दिव्यांगांच्या चित्रणावर मार्गदर्शक तत्त्वं दिली, आणि अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद व अपंगत्वाला खाली पाडणारा विनोद यांत भेद केला. हा भेद दुसऱ्या गटांनाही लावून बघता येतो. वस्त्यांच्या नावांचंही तसंच. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं जातिवाचक वस्त्यांची नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. मालिकेत आता ‘भीमनगर’ म्हणतात. पण कॅमेरा तिथं फक्त दगडफेक किंवा दवाखान्यासाठी जात असेल, तर नव्या नावाला जुनाच अर्थ चिकटत जातो.

आता तो सातवा रकाना. खलनायिका सुनेला म्हणते, ‘तुझी पायरी ओळखून राहा.’ हे वाक्य मालिकेचा भेदभाव की पात्राचा? वाईट माणसाला वाईट बोलूच दिलं नाही तर भेदभावावर मालिका लिहिताच येणार नाही. म्हणून वाक्यावर निकाल देऊ नका, वाक्यानंतरच्या अर्ध्या मिनिटावर द्या. सुनेला उत्तर मिळालं का? उत्तर तिनं दिलं की नवऱ्यानं तिच्या वतीनं? की तिच्या डोळ्यांत पाणी, तीन चेहऱ्यांवर झूम, आणि ब्रेक? उत्तर आलं तर ते कशाच्या आधारावर : ‘मी माणूस आहे’ या, की ‘मीही चांगल्या घराण्यातली आहे’ या? दुसऱ्या प्रकारचं उत्तर पायरी मान्य करून आपली पायरी वर दाखवतं. आणि शेवटी मालिका उघड करते की सून लहानपणी हरवलेली इनामदारांची लेक होती, तर सासूचंच म्हणणं मालिकेनं खरं ठरवलं. जिथं कुठलंच पात्र बोलत नाही अशा जागा वेगळ्या काढा : शीर्षकगीत, ‘मागील भागात’चं निवेदन, प्रोमोवरची अक्षरं, श्रेयनामावलीतलं ‘गावकरी १’ किंवा ‘मुस्लीम बाई’. तिथला शब्द मालिकेचा स्वतःचा असतो, तो पात्राच्या नावावर ढकलता येत नाही.

ट्यून व्हॅन डाइक या डच भाषाअभ्यासकांनी वंशभेदी बोलण्यात एक नकाराचा साचा दाखवला आहे : ‘माझं त्यांच्याशी काही वैर नाही, पण…’ मराठी मालिकेत हे वाक्य खलनायकाच्या तोंडी क्वचित, ते समजूतदार वडिलांच्या, प्रेमळ आजीच्या तोंडी असतं. ‘मी जातपात मानत नाही गं, पण समाज काय म्हणेल.’ प्रेक्षक ज्याचं ऐकतो त्याच्या तोंडी ते आलं, म्हणून खलनायिकेच्या दहा टोमण्यांपेक्षा याचं वजन जास्त धरा.

मोजणीत होणाऱ्या चुका दोनच सांगतो. एक, भागाकार विसरणं : ‘मुस्लीम पात्राला फक्त दोनदा अरे-तुरे झालं’ हे लिहिताना त्याच्याशी एकूण चारदाच कोणी बोललं हे लिहा. दुसरी, एकट्यानं ठरवणं. दोन भाग मैत्रिणीला स्वतंत्रपणे तक्त्यात भरायला द्या, शक्यतो वेगळ्या समाजातल्या. जिथं तुमच्या दोघींच्या नोंदी जुळणार नाहीत त्या ओळी खोडू नका; बहुतेकदा प्रकरणाचा गाभा त्या ओळींतच असतो.

निष्कर्षात ‘मालिका जातीयवादी आहे’ असं लिहू नका, ते सिद्ध करता येत नाही आणि परीक्षकही वाद घालत बसतील. ‘दहा भागांत अमुक गटातल्या पात्रांना मिळालेली आदरार्थी रूपं इतकी, इतरांना इतकी, अपमानानंतर स्वतः उत्तर देण्याची संधी इतक्या वेळा’ असं लिहा.

परिशिष्टात जातिवाचक शब्द छापण्याबद्दल : पडद्यावर ऐकू आलेला शब्द तक्त्यात एकदा पूर्ण लिहा, भाग आणि दृश्य क्रमांकासह. फुल्या मारल्या तर दोन वर्षांनी वाचणाऱ्याला नक्की काय म्हटलं होतं ते कळणार नाही. विवेचनात पुन्हा येईल तिथं ‘ओळ क्र. १४ मधला शब्द’ म्हणा. प्रकरणाच्या शीर्षकात आणि तोंडी परीक्षेच्या स्लाइडवर तो घेऊ नका. समोर बसलेल्यांत कोणाच्या घरावर तो शब्द फेकला गेलाय हे तुम्हाला माहीत नसतं.